मराठीचा गृहपाठ: वही सगळ्यात शेवटी उघडा

वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसले की पाचसहा वह्यांतच कळतं, धडा कुणी वाचलाय आणि कुणी नुसता चाळलाय. चाळणारी मुलं आळशी असतात असं मुळीच नाही. तासभर बसलेली असतात, अक्षर छान असतं, समास आखलेला असतो. गडबड क्रमात असते. आधी वही उघडायची, मग प्रश्न वाचायचा, मग प्रश्नातला एखादा शब्द धड्यात शोधायचा आणि तो सापडला की आजूबाजूची दोन वाक्यं उतरवायची. चौकटी भरायला हे चालून जातं. स्वमत (म्हणजे आपलं मत मांडायचा प्रश्न) आलं की हीच मुलं पेनाचं टोपण चावत बसतात.

जरा हिशोब मांडू. दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठी माध्यमाच्या मराठीच्या पुस्तकाची, कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) ८० गुणांची. गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन (पूरक वाचन) ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. पठित गद्याचे दोन उतारे, प्रत्येकी ७ गुणांचे, आणि त्या सातातले ३ स्वमताचे. म्हणजे स्वमताचे ६, रसग्रहणाचे (कवितेचं सौंदर्य उलगडून सांगण्याचे) ४ आणि स्थूलवाचनाचे ६ असे १६ गुण धड्यात शब्द शोधून मिळत नाहीत. ते वाचलेल्यालाच मिळतात, आणि त्याची सवय गृहपाठातच लागते.

खाली दिलेला क्रम नववी-दहावीच्या मुलांसाठी आहे. इंग्रजी माध्यमात अक्षरभारती हे पुस्तक असेल तरी क्रम तोच, फक्त पहिल्या वाचनाला थोडा जास्त वेळ धरा. पालकांसाठीही मध्ये मध्ये दोन शब्द आहेत.

## तयारी: टेबलावर काय हवं, काय नको

पाठ्यपुस्तक, साधी पेन्सिल, खोडरबर आणि कच्ची वही. इतकंच. पक्की वही दप्तरातच राहू दे. ती समोर दिसली की हात शिवशिवतो आणि दोन मिनिटांत ‘प्र. १’ लिहून मोकळा होतो.

पुस्तक हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. पण मोबाइलच्या पडद्यावर पेन्सिल चालत नाही, म्हणून निदान त्या धड्याची तरी प्रिंट काढून घ्या.

ताईचं किंवा शेजारच्या दादाचं जुनं पुस्तक मिळालं असेल तर आनंद आहे, पण आधी त्यातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडून टाका. पेनाने केलेल्या असतील तर निदान हे लक्षात असू द्या की त्या दादाच्या आहेत. त्याच्या वर्षीच्या परीक्षेसाठी त्याने ज्या ओळी अधोरेखित केल्या त्याच तुम्हालाही महत्त्वाच्या वाटायला लागतात, आणि बाकीचा धडा डोळ्यांखालून नुसता सरकतो.

गाईडला माझी बंदी नाही. मात्र ते कपाटात ठेवा. कधी बाहेर काढायचं ते टप्पा ६ मध्ये सांगते.

एका धड्याला किंवा कवितेला तीन बैठका धरा, त्याही वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशी नुसतं वाचन. दुसऱ्या दिवशी खुणा आणि कच्चं लिखाण. तिसऱ्या दिवशी पक्कं. प्रत्येक बैठक अर्ध्यापाऊण तासाची. ‘एवढा वेळ कुठे असतो?’ असं मुलं विचारतात. एका रात्रीत दोन तास बसून जे होतं त्याहून हा वेळ फार जास्त नाही, फक्त तो वाटून घेतलेला आहे.

## टप्पा १: काम नीट उतरवून घ्या

फळ्यावर लिहिलेला गृहपाठ अर्धा उतरवणं हा आमच्या वर्गातला जुना रोग आहे. डायरीत ‘मराठी – कवितेचा स्वाध्याय’ एवढंच असतं. कुठल्या कवितेचा, कोणत्या कृती, किती शब्दांत, कधी द्यायचा, यातलं काहीच नाही. मग रात्री साडेनऊला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘मराठीचा होमवर्क काय आहे’ सुरू होतं आणि पाच जण पाच उत्तरं देतात.

डायरीत पाच गोष्टी लिहा: पाठाचं नाव, पुस्तकातलं पान, कृतीचा क्रमांक, शब्दमर्यादा, देण्याचा वार. फळ्याचा फोटो काढायला शाळेत मोबाइल नसतोच, आणि असला तरी तो फोटो घरी कुणी उघडून बघत नाही.

तपासा: डायरी बंद करा आणि काय करायचंय ते एका वाक्यात बोला. अडखळलात तर मधल्या सुटीत जाऊन बाईंना किंवा सरांना विचारा. विचारायला लाजू नका. चुकीचा स्वाध्याय सुंदर अक्षरात लिहून आणलेलं मूल बघवत नाही.

## टप्पा २: पहिलं वाचन, हात रिकामे ठेवून

या वाचनात पेन्सिलसुद्धा नको. धडा मनात वाचा, मध्ये न थांबता. अडलेला शब्द सोडून पुढे जा. कविता मात्र मोठ्याने वाचा, आणि दोनदा. घरात टीव्ही चालू असेल तर गच्चीवर जा, जिन्यात बसा. कविता कानावर पडल्याशिवाय तिचं यमक, तिचे थांबे कळत नाहीत, आणि पुढे ‘भाषिक सौंदर्य’ या मथळ्याखाली लिहायला हाताशी काही उरत नाही.

आता एक गोष्ट उलटी सांगते. पाठाच्या सुरुवातीला लेखकाचा किंवा कवीचा परिचय असतो आणि त्याच्या शेवटी ‘प्रस्तुत अभंगात…’ किंवा ‘प्रस्तुत पाठात…’ अशी दोनतीन वाक्यं असतात. ती पहिल्या वाचनाच्या *नंतर* वाचा. आधी वाचलीत तर अख्खी कविता त्या दोन वाक्यांच्या चष्म्यातून दिसते. दर वर्षी निम्म्या वर्गाची ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हणजे तीच दोन वाक्यं, स्वल्पविरामासकट.

तपासा: पुस्तक मिटा आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला, आजीला, जो सापडेल त्याला पाच वाक्यांत सांगा की यात काय आहे. ऐकणाऱ्याने ‘मग पुढे काय झालं?’ किंवा ‘असं का म्हणतो तो?’ एवढंच विचारायचं. इथे पालकांना एक विनंती: उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. मूल अडलं तर त्याला पुस्तकाकडे परत पाठवा. इंग्रजी माध्यमातलं मूल असेल तर त्याने हिंदी-इंग्रजी-मराठी मिसळून सांगितलं तरी चालेल. या टप्प्यावर भाषा तपासायची नसून कळलंय का ते बघायचंय. परदेशात राहून मराठी शिकणाऱ्या मुलांच्या घरीही हीच युक्ती चालते. त्यांना पहिलं वाचन मोठ्यांनी करून दाखवावं आणि मुलाने ओळीखालून बोट फिरवत ऐकावं.

पाच वाक्यं झाली नाहीत तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. पुन्हा वाचा. लहान कवितेला दहा मिनिटंही लागत नाहीत.

## टप्पा ३: दुसरं वाचन, पेन्सिलीने

आता पेन्सिल घ्या. चारच खुणा करायच्या:

- अनोळखी शब्दाभोवती गोल
- जिथे धडा किंवा कविता वळण घेते तिथे समासात उभी रेघ
- जे पटलं नाही किंवा कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह
- जी ओळ थांबून परत वाचावीशी वाटली तिथे चांदणी

सावध: हायलायटर नको. पिवळ्या रंगाने न्हालेल्या पानात महत्त्वाचं काय ते कुणालाच कळत नाही, रंगवणाऱ्यालाही नाही.

धडा असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला दोनतीन शब्द लिहा: ‘गाव सोडलं’, ‘पहिली नोकरी’, ‘आईचं पत्र’ असे. हे शब्द एका खाली एक वाचले की ओघतक्ता (घटनांच्या क्रमाचा तक्ता) जवळजवळ तयार होतो. गद्याचं एवढंच. कवितेत मुलं जास्त घसरतात, म्हणून तिथे जरा रेंगाळू.

उदाहरणाला २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकातला संत नामदेवांचा छोटा अभंग घेऊ, ‘अंकिला मी दास तुझा’. सहा कडव्यांचा आहे, सुरुवात अशी:

अग्निमाजि पडे बाळू ।
माता धांवें कनवाळू ॥

पुढे पिलू जमिनीवर पडताच झेपावणारी पक्षिणी येते, भुकेल्या वासरासाठी हुंबरत धावणारी धेनू येते, वनात वणवा लागल्यावर पाडसाची चिंता करणारी हरणी येते, आणि शेवटी मेघाला विनवणारा चातक.

आधी गोल केलेले शब्द. ‘अंकिला’ म्हणजे अंकित, पूर्णपणे आधीन झालेला. आकड्यांशी त्याचा संबंध नाही. ‘माजि’ म्हणजे मध्ये. ‘काजा’ म्हणजे कामासाठी. आणि ‘वत्सरावें’ म्हणजे वासराच्या आवाजाने, कारण ‘रव’ म्हणजे आवाज. एका वहीत मला ‘भुकेला वत्सराव’ भेटला होता. बिचारे वत्सराव जेवायचे राहिले आणि गाय त्यांच्यासाठी धावली, असा सगळा अर्थ अगदी मन लावून लिहिलेला. हसू आलं, पण दोष त्या मुलाचा नव्हता. त्याला शब्द अडला हेच कळलं नव्हतं, म्हणून त्याभोवती गोल पडला नाही. जो शब्द अर्धवट ओळखीचा वाटतो त्यालाही गोल करा. पूर्ण अनोळखी शब्दापेक्षा तोच जास्त फसवतो.

अर्थ शोधायचा क्रमही ठरलेला असू द्या: आधी पाठाखालचे शब्दार्थ, मग मागचापुढचा संदर्भ, मग शब्दकोश, मग घरातलं मोठं माणूस. संतकाव्यातले कितीतरी शब्द आजीच्या बोलण्यात अजून जिवंत असतात.

आता उभी रेघ कुठे? पहिल्या वाचनात सगळी कडवी सारखीच वाटतात: लेकरू संकटात, आई धावते. पण क्रियापदं एका खाली एक लिहून बघा. माता धावते. पक्षिणी झेपावते. धेनू हुंबरत धावते. हरणी मात्र धावत नाही, ती ‘चिंतीत’ आहे. मध्ये वणवा आहे. आणि शेवटच्या कडव्यात आईच नाही. तिथे विनवणारा चातक बोलतो, म्हणजे लेकराची बाजू बोलते, आणि नेमकं तिथेच ‘नामा म्हणे’ येतं. रेघ तिथे मारायची.

गेल्या वर्षी एका मुलीने याच अभंगाच्या समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते: ‘आग, आग, पाऊस?’ पहिल्या ओळीत अग्नी आहे, पाचव्या कडव्यात वणवा आहे आणि सहाव्यात मेघ. मी इतकी वर्षं हा अभंग शिकवत आले, मला हे दिसलं नव्हतं. तिला गाईडमध्ये ते मिळालं नसतं, कारण तिने ते पेन्सिल हातात धरून शोधलं होतं.

तपासा: पानावर निदान एक प्रश्नचिन्ह आणि एक चांदणी आहे ना? दोन्ही नसतील तर डोळे फिरले आहेत, वाचन झालेलं नाही.

## टप्पा ४: आता प्रश्न वाचा, आणि त्यातलं क्रियापद शोधा

कृतीत काय करायला सांगितलंय ते एका शब्दात असतं. त्या शब्दाखाली रेघ मारा.

‘आकृतिबंध पूर्ण करा’ असेल तर चौकटीत मावेल एवढंच लिहायचं. अख्खं वाक्य कोंबून अक्षर मुंगीएवढं करू नका. ‘ओघतक्ता’ असेल तर घटनांचा क्रम महत्त्वाचा. चारही घटना बरोबर आणि क्रम चुकला, तर उत्तर चुकलं. ‘कारणे लिहा’ असेल तर वाक्यात ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ यायलाच हवं. मुलं घटना लिहितात आणि कारण विसरतात. ‘ओळींचा अर्थ लिहा’ म्हणजे शब्दाला शब्द ठेवून गद्य करणं नाही. ‘आगीमध्ये बाळ पडते, कनवाळू आई धावते’ एवढ्यावर थांबलात तर अर्धंच झालं. ही ओळ देवाला उद्देशून का आली आहे ते सांगायला हवं.

‘स्वमत’ या शब्दाने सगळ्यात जास्त घोळ घातलाय. एक गट त्यात धड्याचा सारांश लिहितो. दुसरा गट धड्याचं नावही न घेता ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात…’ असं भाषण ठोकतो. स्वमताला तीन गोष्टी लागतात: तुमचं म्हणणं, त्याला धड्यातला एक आधार, आणि तुम्ही पाहिलेलं काहीतरी. यातलं तिसरं मुलं हमखास गाळतात. त्यांना वाटतं, आपल्या घरातलं काय लिहायचं?

तेच लिहायचं. ‘अभंगातील तुम्हाला भावलेला दृष्टान्त स्पष्ट करा’ या कृतीला बाकी सगळ्या वर्गाने बाळ आणि आई घेतले. एका मुलाने धेनू घेतली. सुटीत मामाच्या गावी त्याने पाहिलं होतं: संध्याकाळी गुरं परत येतात तेव्हा गोठ्यात बांधलेलं वासरू ओरडायला लागतं, आणि गाय वाटेतूनच हंबरत, कुणाचं न ऐकता, पुढे घुसते. वासराने ढुसण्या दिल्यावरच ती पान्हा सोडते. ‘नामदेवांनी हे नक्की डोळ्यांनी पाहिले असणार’ असं त्याने शेवटी लिहिलं होतं. तिन्ही गोष्टी आल्या. उत्तर जेमतेम सात ओळींचं.

सावध: एका प्रश्नात दोन कामं असू शकतात: ‘दृष्टान्त लिहा व त्यातील भाव स्पष्ट करा.’ ‘व’ आणि ‘आणि’ या शब्दांभोवती गोल करा. निम्मे गुण तिथेच गळतात.

## टप्पा ५: कच्च्या वहीत लिखाण

पुस्तक मिटलेलंच ठेवा. हो, इथेही. आधी आठवून मुद्दे मांडा, मग पुस्तक उघडून ओळी आणि नावं ताडून बघा. उघड्या पुस्तकावरून लिहायला बसलात की वाक्यरचना पुस्तकाची येते.

रसग्रहण हा सगळ्यात अवघड प्रकार, म्हणून तो नीट बघू. त्याचे तीन भाग: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य. मुलांच्या वह्यांत हे तीन मथळे असतात आणि तिन्हींखाली तोच मजकूर फिरून फिरून येतो. कशात काय जातं ते साध्या भाषेत असं: आशयात *काय म्हटलंय*, काव्यसौंदर्यात *कशाच्या मदतीने म्हटलंय* (दृष्टान्त, प्रतिमा, अलंकार, रस, भाव), भाषिक सौंदर्यात *कोणत्या शब्दांत आणि कोणत्या लयीत*.

दर वर्षी किमान दहा वह्यांत येणारं उत्तर हे:

‘या अभंगात संत नामदेवांनी अतिशय सुंदर शब्दांत भक्ती व्यक्त केली आहे. भाषा साधी, सोपी, ओघवती व मनाला भिडणारी आहे. अभंग वाचून मन भारावून जाते.’

यात खोटं काहीच नाही, पण हे उत्तर कुठल्याही संताच्या कुठल्याही अभंगाला चिकटवता येईल. म्हणून मी वर्गात एक कसोटी दिली आहे: नाव बदलून बघा. आपल्या वाक्यात नामदेवांच्या जागी दुसऱ्या कवीचं नाव घाला. वाक्य तसंच खरं राहिलं तर खोडा.

कसोटीला उतरणारं उत्तर कसं दिसतं?

आशयसौंदर्य: ‘लेकरू संकटात सापडले की आई जशी धावते तसे देवाने आपल्यासाठी धावावे, अशी विनवणी नामदेव करतात. या हाकेमागे अधिकार आहे, कारण ते स्वतःला देवाचा अंकित दास म्हणवतात.’

काव्यसौंदर्य: ‘माता, पक्षिणी, धेनू, हरणी अशी आईची चार रूपे एकामागून एक येतात. वासराला तर फक्त भूक लागली आहे. म्हणजे मोठ्या संकटाइतकीच साधी भूकही आईला धावायला लावते. आगीने सुरू झालेला अभंग शेवटी मेघापाशी येऊन थांबतो.’

भाषिक सौंदर्य: ‘बाळू–कनवाळू, पक्षिणी–धरणीं अशी यमके आहेत. ‘सवेंचि’ आणि ‘पडतांचि’ यांतील ‘चि’मुळे आईची घाई जाणवते. ‘हुंबरत’ या शब्दात गाईचा आवाजच ऐकू येतो.’

बघा, एकही विशेषण ‘सुंदर’ नाही. कुठेही ‘मन भारावले’ नाही. पण प्रत्येक वाक्याला अभंगातला एखादा शब्द धरून ठेवतो आहे.

छंदाबद्दल लिहायचं असेल तर बोटांवर अक्षरं मोजूनच लिहा. ‘अग्निमाजि पडे बाळू’ ही आठ अक्षरं, ‘माता धांवें कनवाळू’ हीही आठ. पण पुढे ‘पाडस चिंतीत हरणी’ नऊ भरतात आणि ‘भुकेलें वत्सरावें’ सात. तेव्हा ‘प्रत्येक चरणात आठ अक्षरे आहेत’ असं ठोकून देऊ नका. पहिला चरण मोजून थांबलेली मुलं इथे पकडली जातात.

सावध: मोबाइलवरच्या एआयला किंवा मित्राच्या पीडीएफला विचारून लिहिलेलं उत्तर ओळखू येतं. याच अभंगाच्या रसग्रहणात मला एकदा कासवी सापडली, पिलांना नुसत्या नजरेने वाढवणारी. ती संतवाङ्मयात पुष्कळ ठिकाणी येते, पण या अभंगात नाही. एकाच वर्गातल्या चार वह्यांत ती कासवी चालत गेली होती.

## टप्पा ६: ताडून बघा, आता गाईड काढा

कच्चं उत्तर पूर्ण झाल्यावर गाईड उघडा. तीन गोष्टी बघायच्या: आपला एखादा मुद्दा राहिला का, शब्दाचा अर्थ चुकला का, कवीचं नाव बरोबर आहे का. राहिलेला मुद्दा सापडला तर तो *गाईड मिटून* आपल्या वाक्यात लिहा. गाईडचं वाक्य आवडलं म्हणून उचलू नका. तुमच्या सहा ओळींत ते एक वाक्य पाहुण्यासारखं वेगळं बसलेलं दिसतं, आणि तपासणाऱ्याला ते आधी चाळीस वह्यांत भेटलेलं असतं.

गाईड आणि पाठ्यपुस्तक यांत फरक दिसला तर पुस्तक खरं. गाईडमध्येही छपाईच्या चुका असतात.

शब्दमर्यादा मोजायला प्रत्येक शब्द मोजू नका. तीन ओळींतले शब्द मोजा, तिनाने भागा, ओळींनी गुणा. पाचदहा शब्द इकडेतिकडे चालतात. मर्यादा ओलांडली असेल तर सुरुवातीचं वाक्य कापा. बहुतेक वेळा तिथेच पाणी असतं.

## टप्पा ७: शुद्धलेखन

हे पक्कं करण्याआधी करा, नंतर नाही. पक्क्या वहीत खाडाखोड झाली की मुलं व्हाइटनरचा थर देतात आणि त्यावर लिहायला विसरतात. वाक्याच्या मधोमध पांढरा चौकोन राहतो.

नेहमीचे अपराधी: कवयित्री (‘कवियत्री’ नव्हे), आशीर्वाद (‘आशिर्वाद’ नव्हे), आणि (‘आणी’ नव्हे), परंतु (‘परंतू’ नव्हे), निर्मिती (‘निर्मीती’ नव्हे), उज्ज्वल (दोन ज). मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असतो हा नियम पाठ असलेली हुशार मुलंच ‘आणी’ लिहितात. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी संस्कृतातून आलेली अव्ययं त्या नियमाला अपवाद आहेत.

दुसरी चूक म्हणजे बोली आणि लेखी रूपांची खिचडी. ‘नामदेवांनी म्हटलं आहे… त्यांनी सांगितले आहे… असं वाटते.’ बोलताना ‘केलं, झालं’ म्हणतो ते ठीकच, हा लेखही मी तसाच लिहितेय. शाळेच्या वहीत मात्र ‘केले, झाले, असे’ एकसारखं ठेवा.

सावध: अभंगातली ओळ उतरवताना तिचं शुद्धलेखन सुधारू नका. पुस्तकात ‘धांवें’ असेल तर अवतरणात ‘धांवें’च. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ‘धावते’.

तपासा: शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य उलट्या क्रमाने वाचा. अर्थाचा ओघ तुटला की डोळ्यांना वेलांट्या दिसायला लागतात.

## टप्पा ८: पक्की वही

आता दप्तरातून वही काढा. तारीख, पाठाचं नाव, कृती क्रमांक, समास. प्रश्न लिहायचा की नाही ते आपापल्या बाईंच्या पद्धतीने. रसग्रहणाचे तीन मथळे वेगळ्या ओळीत. काळं-निळं पेन पुरे. जेल पेनाचं इंद्रधनुष्य बघून गुण वाढत नाहीत. या टप्प्यावर नवीन काही सुचलं तर कच्च्या वहीत लिहा, जागा असेल तरच आत घ्या.

## टप्पा ९: वही परत आल्यावर

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही. वही हातात आली की मुलं गुण किंवा सही बघतात आणि मिटतात. लाल शाईने ‘आधार?’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘हे तू म्हणतोस, पण पाठात कुठे आहे?’ ‘पुनरुक्ती’ म्हणजे तीच गोष्ट दोनदा आली. नुसतं प्रश्नचिन्ह म्हणजे बहुधा वाक्यच लागत नाही. शेरा कळला नाही तर वही घेऊन या आणि विचारा. मी तरी कुणाला परत पाठवलेलं नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: चुकलेला शब्द किंवा शेरा, बरोबर रूप, तारीख. पुढच्या गृहपाठाला टप्पा ७ करताना आधी हे पान उघडा. वर जिची गोष्ट सांगितली त्या ‘आग, आग, पाऊस’वाल्या मुलीच्या शेवटच्या पानावर जुलैत अकरा नोंदी होत्या. डिसेंबरात तिने मला पान दाखवलं, त्यात ‘कवयित्री’ अजून तिसऱ्यांदा होतं.